शिफ्रिनची शर्यत बघायची कशी? एका जुन्या खो-खोवालीची शिकवणी

आधीच सांगून टाकते, मला स्की येत नाही. म्युनिकला येऊन ११ वर्षं झाली. दुसऱ्या हिवाळ्यात हौसेनं ३ दिवसांच्या वर्गाचे पैसे भरले, चार-चार वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहिले आणि पहिल्याच दुपारी डावा गुडघा कुरकुरला. हा तोच गुडघा, जो गावी खो-खोच्या मैदानावर खांबाला वळसा घालताना कामातून गेला होता. उरलेले २ दिवस उताराच्या पायथ्याशी सूप पीत काढले. तेव्हा ही शिकवणी स्की करण्याची नाही, बघण्याची आहे. पुण्यात, सांगलीत, दुबईत बसून ज्यांनी अमेरिकन स्कीपटू मिकाएला शिफ्रिनबद्दल ‘शिफ्रिनचा १००वा विजय’ असं काहीतरी वाचलं आणि ‘म्हणजे नेमकं काय केलं बाई हिनं?’ असं ज्यांना वाटलं, त्यांच्यासाठी.

मला बघायला शिकवलं खालच्या मजल्यावरच्या ओमानं. ओमा म्हणजे आजी. माझी मुलं तिला तसं म्हणतात, म्हणून मीही. ती मूळची ऑस्ट्रियातल्या पिंत्सगाऊची. हिवाळ्यात शनिवार-रविवारी सकाळपासून तिचा टीव्ही चालू, मांडीवर विणकाम, आणि शर्यत सुरू झाली की आलेल्या माणसाला कॉफीसुद्धा विचारायची नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा पडद्यावर एक मुलगी तांबड्या-निळ्या काठ्यांच्या रांगेतून आत-बाहेर, आत-बाहेर करत सुसाट खाली येत होती. माझ्या तोंडून निघालं, “अगं बाई, ही तर एकेरी साखळी!”

खो-खो न खेळलेल्यांसाठी सांगते. मैदानात ८ जण एका आड एक तोंड करून बसलेले असतात. त्यांच्यामधून नागमोडी पळत राहायचं, त्याला साखळी म्हणतात. ज्याची साखळी चांगली, तो हाती लागत नाही. मी शाळेपासून जिल्ह्यापर्यंत हेच केलं. त्यामुळे स्कीतलं बाकी काही कळत नसताना एवढं मात्र पहिल्या दिवशी कळलं, की या मुलीचे पाय वेगळे आहेत.

सुरुवात स्लॅलमपासून करा

अल्पाइन स्की म्हणजे बर्फाच्या उतारावरून काठ्यांना वळसे घालत कमीत कमी वेळात खाली येणं. तिचे मुख्य प्रकार ४, जवळजवळच्या काठ्यांपासून लांबलांबच्या काठ्यांपर्यंत क्रमानं: स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल. नवख्या माणसाचे डोळे डाउनहिलकडे जातात, कारण त्यात वेग ताशी १२० किलोमीटरच्या वर जातो आणि उड्या असतात. पण डाउनहिलमध्ये चांगली आणि फार चांगली यांतला फरक नवख्याला दिसत नाही. सगळ्याच वेड्यासारख्या खाली येताना दिसतात. स्लॅलममध्ये काठ्या जवळजवळ, वेग त्या मानानं कमी, चूक उघडी पडते. वापरायच्या स्कीच बघा ना: बायकांच्या स्लॅलममध्ये स्की किमान १५५ सेंटीमीटर, म्हणजे खेळाडूच्या उंचीपेक्षाही थोड्या कमी. डाउनहिलच्या किमान २१० सेंटीमीटर. एक सायकल, तर दुसरी मालगाडी.

आणि सुरुवातीला एकाच खेळाडूवर नजर ठेवा. मी मिकाएला शिफ्रिनवर ठेवली. १३ मार्च १९९५चा जन्म, अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या व्हेलचा. बाबा जेफ भूलतज्ज्ञ, आई आयलीन नर्स आणि स्वतः शर्यती खेळलेली. पुढे आईच तिच्या प्रशिक्षकांपैकी एक झाली. थोरला भाऊ टेलर. विश्वचषकात, म्हणजे हिवाळाभर गावोगाव चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेत, पहिली शर्यत ११ मार्च २०११ला, चेक प्रजासत्ताकातल्या श्पिंडलरूव म्लिनला, सोळा पूर्ण व्हायला २ दिवस बाकी असताना. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काठीकडे बघू नका

आईला व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप पाठवली होती. तिचा फोन आला, “आगं, ही पोरगी काठीला मुद्दाम थडकतीय का?”

हो आई, मुद्दाम. काठी बुडाशी लवचीक असते, पडते आणि परत उभी राहते. नियम एवढाच, की दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पाय काठीच्या योग्य बाजूनं गेले पाहिजेत. अंग कुठूनही जाऊ दे. म्हणून सगळ्यात जवळचा रस्ता असा: पाय काठीला घासून बाहेरून, आणि अंग काठीवरून आत. नडगीवर पॅड, मुठीवर पॅड, हेल्मेटला हनुवटीपुढे दांडी. नडगीनं नि मुठीनं काठी आडवी करत जायचं. एखादं स्कीचं टोक चुकीच्या बाजूनं गेलं, म्हणजे काठी दोन पायांच्या मधून गेली, की खेळ खलास. खो-खोत खांबाजवळ वळताना आम्ही हेच करायचो: पाय बाहेर, हात खांबाला, अंग आत झोकलेलं.

आता काठीवरून नजर काढून ३ ठिकाणी लावा.

एक, डोकं. शिफ्रिन येताना तिचं हेल्मेट बोटानं झाका आणि फक्त पाय बघा. मग पाय झाका आणि फक्त हेल्मेट बघा. दोन वेगळी माणसं वाटतील. खाली पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे, वर डोकं पाण्याच्या घागरीखाली असावं तसं स्थिर. ज्यांचं डोकं प्रत्येक काठीला डोलतं, त्या कुठेतरी वेळ सांडत असतात.

दोन, बर्फाचे तुषार. बघण्यातली अर्धी विद्या इथे आहे. वळण काठीपाशी पोचेपर्यंत जवळजवळ संपलेलं असलं पाहिजे, म्हणजे स्कीवरचा भार काठीच्या वरच्या अंगाला पडला पाहिजे. काठी ओलांडून गेल्यावर खाली मोठ्ठा फवारा उडाला, तर समजा उशीर झाला, आता ती ब्रेक मारतेय. टीव्हीवर दिसायला तेच झोकदार दिसतं. ओमा अशा फवाऱ्याला खुणेनंच ‘पैसे उडवले’ म्हणते, हातानं नोटा उधळून दाखवते. शिफ्रिनच्या चांगल्या दिवशी फवारा अगदी कमी असतो. वेगानं बघून कळत नाही. व्हिडिओ अडवून अडवून बघा, ४ काठ्या पुरेत.

तीन, लय मोडते ती जागा. काठ्या लावणारा हा कुठल्यातरी संघाचा प्रशिक्षक असतो, आणि तो सगळ्या काठ्या सारख्या अंतरावर लावत नाही. मध्येच २ काठ्या एकाखाली एक सरळ लावतो. ओमाच्या भाषेत त्याला ‘हारनाडेल’ म्हणतात, म्हणजे केसांचा आकडा. कधी अशा ३ किंवा जास्त. तिथे पाय एकदम दुप्पट लयीत टाकावे लागतात, आणि त्यातून बाहेर पडल्यावर पुन्हा लांब वळण. बहुतेक जणी त्या सरळ काठ्यांत चुकत नाहीत, बाहेर पडताना चुकतात. साखळीतसुद्धा असंच. सगळे बसलेले असताना कुणीही पळेल. मध्येच खो बसतो, दिशा बदलते, त्या पुढच्या दोन पावलांत खरं कळतं.

कोर्सवर सरावाला स्की करून बघायला मिळत नाही. सकाळी सगळ्या जणी बाजूनं घसरत हळूहळू खाली येतात आणि साठेक काठ्या पाठ करतात. सुरुवातीच्या फळीजवळ डोळे मिटून हवेत हात हलवणाऱ्या मुली दिसतील. त्या पाठांतर म्हणत असतात.

सराव किती, सामने किती

आमचे खो-खोचे सर सामन्याच्या आधीचे ८ दिवस एकही सराव सामना खेळू द्यायचे नाहीत. मैदानात ८ विटा मांडायचे आणि अर्धा तास नुसती साखळी. आम्हाला राग यायचा, शेजारची शाळा रोज सामने खेळायची. शिफ्रिनचं बालपण वाचलं तेव्हा त्या विटा आठवल्या.

तिच्या आईवडिलांचा हिशेब सोपा होता. शर्यतीच्या दिवशी प्रवास, थंडीत उभं राहणं, आणि सगळं मिळून २ धावा, म्हणजे उतारावरून दोनदा खाली येणं. त्याच दिवसात सरावाला राहिलं तर कितीतरी धावा होतात. म्हणून इतर मुलं वीकेंडला गावोगाव शर्यतींना जात असताना ही बरेचदा घरच्याच उतारावर एकाच वळणाचा पाठ गिरवत राहिली. ८ वर्षांची असताना कुटुंब न्यू हॅम्पशरमधल्या लाइमला गेलं, नंतर ती व्हरमाँटमधल्या बर्क माउंटन अ‍ॅकॅडमीत शिकली. ईशान्य अमेरिकेतला बर्फ कडक, जवळजवळ काच. एकचाकी सायकल चालवायला शिकली, चेंडू झेलायची कसरत शिकली. तोल आणि नजर, दुसरं काय! हेल्मेटवर ‘एबीएफटीटीबी’ अशी अक्षरं लिहायची. ‘मुलांपेक्षा नेहमी वेगात राहा’ या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं. लहानपणी अमेरिकन स्कीपटू हायडी व्होल्करनं सही देताना ते लिहून दिलं होतं.

मला यातलं नवल असं वाटतं, की इतका सराव करूनही ती कंटाळवाणी झाली नाही. आमच्यातल्या निम्म्या जणी विटांना कंटाळून खो-खो सोडून गेल्या.

त्या सरावाचं फळ भराभर आलं. डिसेंबर २०११ला ऑस्ट्रियातल्या लिएन्झला ती ४० नंबरनं सुटली आणि तिसरी आली, तेव्हा १६ वर्षांची होती. २० डिसेंबर २०१२ला स्वीडनमधल्या ओरेला पहिला विजय. फेब्रुवारी २०१३ला श्लाडमिंगला स्लॅलमची जगज्जेती. २०१४ला सोचीत ऑलिंपिक सुवर्ण, वय १८. स्लॅलममध्ये इतक्या लहान वयात कुणाला मिळालं नव्हतं. सोचीची दुसरी धाव मिळाली तर जरूर बघा. मध्येच तिची स्की हवेत जाते, ती मागे कलंडते, आता पडलीच असं वाटतं आणि पुढच्या काठीला परत लयीत. ओमा तेव्हाही विणत होती म्हणे, पण टाके उसवावे लागले.

नंबर आणि चाकोरी

४० नंबरनं सुटून तिसरी येणं ही केवढी गोष्ट, हे कळायला पाठीवरचा नंबर वाचायला शिका.

क्रमवारीतल्या पहिल्या ७ जणींमध्ये १ ते ७ नंबर सोडतीनं वाटतात, पुढच्या ८ जणींमध्ये ८ ते १५. बाकीच्या क्रमवारीप्रमाणे. लवकर सुटणं फायद्याचं, कारण प्रत्येक जण काठीभोवती बर्फ खरवडून जाते. पंधरा-वीस जणी गेल्या की चाकोरी पडते. आपल्याकडे चाकोरीतून जाणारा माणूस सुखी समजला जातो; इथे चाकोरी गुडघे खिळखिळे करते. शर्यतीचा उतार पाणी मारून गोठवतात तो याचसाठी, की चाकोरी कमी पडावी आणि शेवटच्या मुलीलाही थोडा न्याय मिळावा. भुसभुशीत पांढरा बर्फ फक्त पर्यटकांच्या फोटोत असतो.

पहिल्या धावेनंतर फक्त ३० जणी उरतात. दुसऱ्या धावेत काठ्या नव्यानं लावतात आणि क्रम उलटा होतो. तिसावी सगळ्यात आधी, पहिली सगळ्यात शेवटी. दोन्ही वेळांची बेरीज जिची कमी, ती जिंकली. म्हणजे पहिल्या धावेत सगळ्यांत पुढे असणारीला वरती एकटीनं उभं राहून २९ जणींचा आरडाओरडा ऐकावा लागतो, आणि मग सगळ्यात खराब उतारावरून यावं लागतं. तांबडा बिब, म्हणजे नंबराचा अंगरखा, जिच्या अंगावर, ती त्या प्रकारातल्या गुणांत पुढे आहे. पहिलीला १०० गुण, दुसरीला ८०, तिसरीला ६०, असं उतरत तिसावीला १.

शतांश सेकंद म्हणजे किती?

पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा आला तर पुढे, तांबडा आला तर मागे. हे कुणीही सांगेल. पण ०.०६ म्हणजे किती, हे डोळ्यांना कळत नाही तोवर त्या आकड्याला अर्थ नाही.

२९ जानेवारी २०२३, पुन्हा तेच श्पिंडलरूव म्लिन. आदल्या दिवशी शिफ्रिननं ८५वा विजय मिळवला होता. स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कच्या ८६शी बरोबरी करायला एकच हवा होता. पहिल्या धावेत ती पुढे. दुसऱ्या धावेनंतर जर्मनीची लेना ड्युर ०.०६ सेकंदानं जिंकली, आयुष्यातला तिचा पहिला स्लॅलम विजय. आमच्या इमारतीत कुणीतरी जिन्यात ओरडलं. स्लॅलमचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर ०.०६ सेकंदात माणूस साधारण ६५ सेंटीमीटर जातो. एक हात. खो-खोत मागून पाठीला बोटं लागतात की हुकतात, तेवढंच अंतर. तेव्हापासून मी प्रत्येक फरकाचं अंतर काढते: ०.१० म्हणजे सव्वा मीटरच्या आत, ०.९२ म्हणजे दहा मीटर.

०.९२ मुद्दाम घेतला. ११ मार्च २०२३, ओरे. शिफ्रिननं स्लॅलम ०.९२नं जिंकला, दुसरी स्वित्झर्लंडची वेंडी होल्डनर. तो विजय ८७वा. पुरुष-बायका मिळून इतके विजय कुणाचेच नव्हते. जिथे पहिला विजय तोच उतार, आणि पहिल्या शर्यतीला बरोबर १२ वर्षं झाल्याचा तोच दिवस.

विजयांची बेरीज वाचताना

इथे एक सावधगिरी. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून भांडू नका, ती एकाच पिकाची पोती नाहीत. स्टेनमार्कचे ८६ म्हणजे ४६ जायंट स्लॅलम आणि ४० स्लॅलम, बाकी शून्य. अमेरिकेची लिंडसी व्हॉन २०१९ला थांबली तेव्हा तिचे ८२, त्यातले ४३ डाउनहिल. तिच्या स्लॅलम विजयांसाठी एका हाताची दोन बोटं पुरतात. शिफ्रिनचा पाया स्लॅलम. ११ जानेवारी २०२२ला श्लाडमिंगला तिनं ४७वा स्लॅलम जिंकला तेव्हा एकाच प्रकारात सर्वाधिक विजय तिच्या नावावर आले. पण डिसेंबर २०१७ला कॅनडातल्या लेक लुईसला तिनं डाउनहिलही जिंकलं आणि वर्षभरानं तिथेच सुपर-जी. २०१८-१९च्या मोसमात १७ शर्यती जिंकल्या. त्याआधीचा उच्चांक स्वित्झर्लंडच्या व्रेनी श्नायडरचा १४ होता. सर्वंकष विश्वचषक, म्हणजे मोसमातल्या सगळ्या प्रकारांच्या गुणांची बेरीज, तिनं २०२३पर्यंत ५ वेळा जिंकला: २०१७, २०१८, २०१९, २०२२ आणि २०२३. ओमा या ठिकाणी विणकाम खाली ठेवते आणि बजावते, की ऑस्ट्रियाच्या आनेमारी मोझर-प्र्योलनं ६ वेळा जिंकला आहे. प्रत्येक वेळी बजावते.

सगळ्यांत जास्त कौतुक मला दोन वेगवेगळ्या वर्षांतल्या एकेका आठवड्याचं आहे. ख्रिसमस आणि नवीन वर्षाच्या मधल्या दिवसांत ऑस्ट्रियातल्या झेमरिंगला ३ दिवसांत ३ शर्यती, तिन्ही जिंकल्या. असं २०१६ला केलं. आणि ६ वर्षांनी, २०२२ला, पुन्हा.

एक मजेची भर: फिनलंडमधल्या लेवीला स्लॅलम जिंकणारीला बक्षीस म्हणून रेनडिअर मिळतो. घरी न्यायचा नसतो, तिथेच राहतो, पण नाव आपण ठेवायचं. शिफ्रिनचा पहिला रुडॉल्फ, नंतरच्या एकाचं नाव इंगेमार. स्टेनमार्कच्या नावानं, अर्थात. आमच्या मुलांना ८७ विजयांपेक्षा हे जास्त पाठ आहे.

पडते तेव्हा टीव्ही बंद करू नका

कोष्टकात ‘पूर्ण केली नाही’ अशी नोंद दिसली की लोक पुढे जातात. मी तिथे थांबायला शिकले.

फेब्रुवारी २०२२, बीजिंग ऑलिंपिक. सगळं जग हिच्याकडून पदकांची थप्पी धरून बसलेलं. जायंट स्लॅलममध्ये पाचव्या काठीपाशी गेली. दोन दिवसांनी स्लॅलम, जो तिचा घरचा अंगण, तिथेही सुरुवातीच्या काही काठ्यांतच बाहेर. उताराच्या कडेला बर्फात गुडघ्यांवर डोकं टेकून बसून राहिली, कितीतरी वेळ. कॅमेरा हलेना. मला त्या कॅमेऱ्याचा राग आला होता. सुपर-जीत नववी, डाउनहिलमध्ये अठरावी, कंबाइंडच्या (डाउनहिल आणि स्लॅलम मिळून एक शर्यत) स्लॅलममध्ये पुन्हा बाहेर, मिश्र सांघिकमध्ये चौथी. वैयक्तिक पदक एकही नाही. पुढच्याच महिन्यात फ्रान्समधल्या कूर्शव्हेलला तिनं डाउनहिल जिंकलं आणि त्या मोसमाचा सर्वंकष चषकही. ती दोन्ही कोष्टकं शेजारी ठेवून बघा.

त्याआधी एक रिकामी जागा आहे, फेब्रुवारी २०२०ची. २ फेब्रुवारीला घरी झालेल्या अपघातानंतर तिचे बाबा गेले. ती युरोपातून तडक परतली, आणि ज्या मोसमात पुढे होती तो तसाच सोडला. परत शर्यतीत उतरली तोपर्यंत नोव्हेंबर उजाडला होता; मधल्या काळात जगच बंद पडलं. कारकीर्द वाचताना विजयांच्या तारखांबरोबर अशा रिकाम्या जागाही मोजाव्यात. माझे बाबा गेले तेव्हा मी म्युनिकमध्ये होते. या परिच्छेदात यापुढे काही लिहीत नाही.

आणि ३० नोव्हेंबर २०२४. व्हरमाँटमधलं किलिंग्टन, जायंट स्लॅलम, १००वा विजय समोर, पहिल्या धावेत पुढे, दुसऱ्या धावेचा शेवट दिसत असताना ती काठीला आपटली, कोलांटली आणि जाळीत गेली. पोटाला खोल भोसकल्यासारखी जखम, आतले स्नायू फाटलेले. परतल्यावर तिनं उघड सांगितलं, की जायंट स्लॅलमची भीती बसली आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये जागतिक स्पर्धेत जायंट स्लॅलम खेळलीच नाही, पण ब्रीझी जॉन्सनबरोबर सांघिक कंबाइंडचं (एकीनं डाउनहिल, दुसरीनं स्लॅलम) सुवर्ण घेतलं. नंतर इटलीत सेस्त्रिएरेला शनिवारी जायंट स्लॅलममध्ये पहिल्या तिसांतही आली नाही, दुसरी धाव मिळालीच नाही. दुसऱ्या दिवशी, २३ फेब्रुवारीला, त्याच गावात स्लॅलम जिंकला. तो १००वा.

हे दोन दिवस सलग बघायला मिळाले तर बघा. शनिवारी फवारे मोजा, रविवारी फवारे मोजा. भीती कुठे दिसते म्हणाल, तर तिथे दिसते. वळण संपायच्या आत पाय स्वतःहून थोडासा ब्रेक लावतो. बाकी चेहऱ्यावर काहीच नसतं.

कधी बघायचं

मोसम ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रियातल्या झ्योल्डनच्या हिमनदीवर जायंट स्लॅलमनं उघडतो आणि मार्चअखेर संपतो. नोव्हेंबरात लेवी, ख्रिसमसनंतर झेमरिंग किंवा लिएन्झ, जानेवारीत ऑस्ट्रियातलंच फ्लाखाऊ. स्लॅलमसाठी एवढं पुरे. हिवाळ्यात भारताचं घड्याळ इथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. सकाळी १०ची धाव म्हणजे तुमची दुपारी अडीच. जेवून बसलात की सोयीची. फ्लाखाऊची मात्र रात्रीची शर्यत. पहिली धाव इथे संध्याकाळी सहाच्या सुमाराला, दुसरी पावणेनऊला, म्हणजे तुमची रात्रीची सव्वा वाजता. शनिवार-रविवारच्या शर्यतींवर डोळे तयार झाले, की मग ही जागरणाची.

फ्लाखाऊला स्वतः जायचं तर

म्युनिकहून गाडीनं दोन-अडीच तास. मी १० जानेवारी २०२३ला गेले होते. शिफ्रिन तेव्हा व्हॉनच्या ८२शी बरोबरी करून आली होती, आणखी एक जिंकली की बायकांमधला उच्चांक तिचा एकटीचा. तो मंगळवार होता, संक्रांत चार-पाच दिवसांवर, म्हणून डब्यात तिळाच्या वड्या. बाहेर काढल्या तेव्हा त्यांनी दात हलवले. वड्या नेऊ नका, मऊ लाडू न्या, आणि ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.

पायांत दोन लोकरी मोजे, आणि उभं राहायला जाड पुठ्ठ्याचा तुकडा. हे ओमाचं ज्ञान, हजार रुपयांच्या बुटांपेक्षा भारी. थंडी वरून येत नाही, तळव्यातून चढते. जागा शेवटच्या रेषेपाशी धरू नका. तिथे मोठा पडदा असतो, पण पडदा तर घरीही आहे. उताराच्या खालच्या तिसऱ्या भागात कुंपणाजवळ उभ्या राहा. तिथे पायांतली ताकद संपत आलेली असते आणि आवाज ऐकू येतो. तो टीव्हीवर येतच नाही: कडक बर्फावर धार घासल्याचा खर्रर्र, आणि मध्ये काठीचा टप्प. दोन-तीन जणी गेल्या की डोळे मिटून ओळखता येतं, कुणाचं वळण लवकर संपतंय. खर्रर्र आखूड तर चांगलं.

त्या रात्री स्लोव्हाकियाची पेत्रा व्ल्होवा जिंकली, शिफ्रिन दुसरी. उच्चांकासाठी २४ जानेवारीपर्यंत थांबावं लागलं, इटलीत क्रोनप्लात्सला. माझ्या आजूबाजूला कुणी हळहळलं नाही, दोघींसाठी सारखाच गोंगाट. ज्या अ‍ॅटॉमिक कंपनीच्या स्की शिफ्रिन वापरते, ती पलीकडच्याच आल्टेनमार्क्ट गावची. तेव्हा तिथल्या निम्म्या लोकांना ती घरचीच पोर.

गोंगाटासाठी इथे लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा आणतात. दुकानात मिळतात, महाग आणि किनऱ्या आवाजाच्या. मी गावाहून बेंदराला बैलांच्या गळ्यात घालायची पितळी घंटा आणली होती, आजोबांच्या वेळची. शेजारच्या ऑस्ट्रियन म्हाताऱ्यानं ती हातात घेऊन दोनदा वाजवून पाहिली, वजन केलं आणि विचारलं, कुठे मिळते. मी म्हटलं, सांगली जिल्ह्यात. त्यानं मान हलवली, जणू पुढच्या खोऱ्यातलंच गाव आहे. मग ३० नंबरनंतरच्या मुली यायला लागल्या. निम्मे लोक सूप प्यायला गेले होते. तुम्ही जाऊ नका, चाकोऱ्या आता दिसायला लागतात. पन्नासाव्या की बावन्नाव्या नंबरची एक पोर हात-हातभर खोल चाकोरीतून धडपडत आमच्यासमोरून गेली, आणि म्हातारा माझी घंटा परत न देता तिच्यासाठी वाजवत राहिला.